वेगवेगळ्या संस्कृतींतल्या मुलांचा एकच वर्ग : शिकवण्यात नेमकं काय बदलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे : वर्गात निरनिराळ्या घरभाषांची, निरनिराळ्या समाजांतली मुलं आहेत. प्रशिक्षणात सांगितलं की मुलांच्या संस्कृतीला धरून शिकवा. त्याप्रमाणे भिंतीवर सगळ्यांच्या भाषेत स्वागत लिहिलं, सगळ्यांचे सण साजरे केले, पोशाखांचा दिवस केला. मुलं खूश झाली. पण गप्प बसणारी मुलं गप्पच राहिली, वाचनात आणि गणितात काही फरक पडला नाही, अभ्यासक्रम मात्र मागे पडला. मग हे करत राहायचं का, आणि करायचं तर कसं?

करत राहा, पण दुसऱ्या जागी. तुम्ही लिहिलेले सगळे उपक्रम पाठाच्या बाहेरचे आहेत. पाठ सुरू झाला की प्रश्न कोण विचारतं, कसा विचारतं, उत्तराला किती वेळ मिळतो, कुणाचं बोलणं मुद्द्याचं ठरतं आणि कुणाचं पाल्हाळ, गणित सोडवायची कोणती रीत बरोबर धरली जाते, हे सगळं पूर्वी होतं तसंच चालू आहे. मूल शिकतं ते यातून. घरची रीत आणि शाळेची रीत यांची टक्कर होते तीही इथेच, आणि ती कुणाला दिसत नाही. अशा वर्गांत मी बरीच वर्षं शिकवलं, आता इतर शिक्षकांचे तास पाहून त्यांच्याशी बोलण्याचं काम करते. वर्गात गेल्यावर मी भिंती नंतर बघते. आधी बघते की पाठ चालू असताना कोण बोलतंय आणि कुणाचं बोलणं अर्ध्यावर तुटतंय.

गप्प मुलांपासून सुरुवात करू, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे.

शिक्षक दिवसभर जे प्रश्न विचारतात त्यातल्या बहुतेकांचं उत्तर त्यांना आधीच माहीत असतं. ‘हा कोणता रंग?’, ‘चित्रात किती झाडं आहेत?’ आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. पण ज्या घरात मोठी माणसं लहानांना असे प्रश्न कधी विचारतच नाहीत, तिथल्या मुलाला हा प्रकार कोड्यात टाकतो. समोर दिसतंय, बाईंनाही दिसतंय, मग विचारतात कशाला? शर्ली ब्राइस हीथ या अभ्यासिकेने अमेरिकेतल्या कॅरोलायना भागात दोन कामगार वस्त्या आणि तिथल्या शाळा वर्षानुवर्षं जवळून पाहिल्या आणि 1983 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातल्या कृष्णवर्णीय वस्तीत मोठी माणसं मुलांना विचारायची ती ‘हे कशासारखं आहे?’, ‘मग काय झालं?’ या धर्तीचे प्रश्न. त्या मुलांना तुलना करून सांगणं, गोष्ट रंगवणं फार छान यायचं. शाळेत मात्र ‘याला काय म्हणतात?’ एवढंच विचारलं जायचं, आणि मुलं गप्प. शिक्षकांना वाटायचं की यांना साधं साधंही येत नाही.

तिथल्या शिक्षकांनी पुढे जे केलं ते मला आजही सगळ्यात उपयोगाचं वाटतं. त्यांनी मुलांच्या ओळखीच्या जागांची छायाचित्रं आणली आणि सुरुवात घरच्या धर्तीच्या प्रश्नांनी केली : इथे काय चाललंय, तुम्ही इथे कधी गेला होतात का, हे कशासारखं दिसतं? मुलं बोलायला लागल्यावर हळूहळू नाव, रंग, संख्या विचारणारे शाळेचे प्रश्न आणले आणि त्यांची उत्तरं कशी देतात हे मुद्दाम शिकवलं. हा दुसरा भाग विसरू नका. घरच्या रीतीवरच थांबलात तर परीक्षेच्या दारात मूल एकटं पडेल. शाळेची रीत शिकण्याचा त्याला हक्क आहे; मात्र ती त्याला जन्मतःच यावी असं धरून चालायचं नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम 1 सेकंद थांबतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही की प्रश्न पुढच्या मुलाकडे जातो, किंवा शिक्षक स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. ज्यांना शिक्षकांनी ‘कच्ची’ ठरवलेलं असतं त्यांना तर आणखी कमी वेळ मिळतो. हीच वाट 3 सेकंद किंवा अधिक बघितली तर उत्तरं लांब होतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. जे मूल प्रश्न एका भाषेत ऐकून, दुसरीत विचार करून, उत्तर पुन्हा पहिलीत जुळवतं, त्याच्यासाठी हे 3 सेकंद म्हणजे वर्गात असणं आणि नसणं यातला फरक. तुम्ही एक करून बघा. प्रश्न विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजा, आणि उत्तर आल्यावरही पुन्हा तीनपर्यंत मोजा. हे वाचायला सोपं आहे, करायला फार जड जातं, कारण शांतता शिक्षकाला टोचते. तरी करा.

मुलांनी सांगितलेल्या हकिगतींबद्दलही थोडं सावध राहायला हवं. काही मुलं एक विषय धरून सुरुवात, मध्य, शेवट अशी सांगतात. काही मुलं एका प्रसंगावरून दुसऱ्यावर जातात, माणसं बदलतात, जागा बदलतात, आणि आतला धागा ऐकणाऱ्याने ओळखायचा असतो. सॅरा मायकल्स यांनी 1981 साली पहिलीच्या वर्गात हेच पाहिलं. दुसऱ्या पद्धतीने सांगणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांना शिक्षिका मध्येच अडवून ‘मुद्द्यावर ये’ म्हणायच्या, आणि मुलाचा धागा तिथेच तुटायचा. पुढे मायकल्स आणि कोर्टनी कॅझडन यांनी अशा हकिगती बोलीच्या खुणा काढून ध्वनिमुद्रित केल्या आणि मोठ्या माणसांना ऐकवल्या. गोऱ्या श्रोत्यांना दुसऱ्या पद्धतीची हकिगत विस्कळीत वाटली. कृष्णवर्णीय श्रोत्यांना तीच सुसंगत आणि चांगली वाटली. म्हणजे ‘या मुलाला धड सांगता येत नाही’ असं आपल्या मनात येतं तेव्हा आधी स्वतःला विचारायचं की ऐकायला मी कुठे शिकले? मूल पूर्ण बोलू दे. नंतर प्रश्न विचारा : ‘आधीचं ते आणि हे, यांचा संबंध सांगशील?’ बहुतेक वेळा संबंध असतो आणि मूल तो सांगतं. शाळेत लागणारं एका विषयाला धरून लिहिणं मग त्याच हकिगतीवरून शिकवता येतं.

आता एक धोका, आणि तो मी फार वेळा बघते. असं काही वाचलं की लगेच ठोकताळे तयार होतात : अमुक समाजाची मुलं गटात शिकतात, तमुक समाजाची बघून शिकतात, अमक्यांना स्पर्धा आवडत नाही. हे करू नका. याचं उत्तम उदाहरण हवाईतून सुरू झालेल्या एका कामात मिळतं. होनोलुलूत कामेहामेहा संस्थेच्या शैक्षणिक प्रकल्पात कॅथरिन औ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की हवाईच्या मूळ रहिवाशांची मुलं गोष्ट मिळून सांगतात. एकमेकांच्या बोलण्यात बोलणं मिसळतात आणि त्यांना तो उर्मटपणा वाटत नाही. मुलांचा एकच गट दोन शिक्षिकांकडे वाचनाला बसला. एकीने हात वर करून एकेकट्याने बोलायचा नियम लावला, तर तिचा बराच वेळ शिस्त लावण्यात गेला. दुसरीने मुलांना एकमेकांत मिसळून बोलू दिलं आणि विषय मात्र धड्याचाच ठेवला, तर चर्चा धड्यावर जास्त झाली. चार-पाच जणांचे, मुलगे-मुली एकत्र असलेले गट तिथे छान चालले. मग हाच कार्यक्रम अमेरिकेच्या मुख्य भूमीवर, ॲरिझोनातल्या रफ रॉक इथे नवाहो या तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या मुलांच्या शाळेत नेला, आणि तिथे तो तसाच्या तसा चालेना. तिथे दोन-तीन जणांचे, फक्त मुलग्यांचे किंवा फक्त मुलींचे गट बरे चालले. गोष्ट तुकड्यातुकड्याने थांबून चर्चा करण्यापेक्षा पूर्ण वाचून मग बोलणं त्या मुलांना पटलं. हवाईच्या प्रकल्पातून घ्यायची ती बघण्याची सवय. गटांची रचना उचलून आपल्या वर्गात आणण्यात काही अर्थ नाही.

एकाच समाजातली, किंबहुना एकाच घरातली दोन मुलंही सारखी नसतात. म्हणून मी शिक्षकांना समाजाबद्दल वाचायला सांगते तेवढंच, किंबहुना त्याहून जास्त, समोरच्या मुलाची नोंद ठेवायला सांगते. आठवड्याला दोन-तीन मुलं निवडा आणि साध्या वहीत लिहा : कधी बोललं, कुणाशी बोललं, कोणत्या भाषेत, कोणत्या प्रश्नाला उत्तर दिलं, कोणत्या कामात मान वर करून बसलं आणि कोणत्या कामात पाठ टेकून. महिनाभरात तुम्हाला जे कळेल ते कुठल्याही प्रशिक्षणात कळणार नाही.

गणिताकडे येऊ. तिथे संस्कृतीचा काय संबंध, आकडे सगळीकडे सारखेच, असं म्हणणारे शिक्षक भेटतात. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात टेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला आणि 1985 साली प्रसिद्ध केला. संशोधक गिऱ्हाईक म्हणून गेल्यावर मुलांनी केलेले हिशोब सुमारे 98 टक्के बरोबर. तीच गणितं शाब्दिक उदाहरणं म्हणून दिली तर सुमारे 74 टक्के. नुसती आकडेमोड म्हणून दिली तर सुमारे 37 टक्के. त्यातल्या एका बारा वर्षांच्या मुलाला 35ला एक अशा चार नारळांचे किती, असं विचारल्यावर त्याने तोंडी सांगितलं : तीन नारळांचे 105, त्यात 30 घातले की 135, वर 5, म्हणजे एकंदर 140. नंतर कागदावर 35 गुणिले 4 दिलं तेव्हा त्याने 4 पंचे 20 केलं, हातचे 2 घेतले, ते 3मध्ये आधी मिळवून 5 केले, त्याला 4ने गुणलं आणि उत्तर लिहिलं 200. विकताना हाच मुलगा चार नारळांचे 200 कधीच मागणार नाही. कागदावर त्याने स्वतःची अक्कल बाजूला ठेवली, कारण शाळेच्या गणितात ती चालत नाही असं तो शिकला होता. हे वाचून मला दरवेळी वाईट वाटतं.

तुमच्या वर्गात काय करायचं? वजाबाकीचंच घ्या. 503 वजा 187. तुम्ही फळ्यावर दशक सुटा करून, हातचा घेऊन शिकवता. एखादी मुलगी काहीही न मांडता 316 लिहिते. तुम्ही ‘रीत दाखवली नाही’ म्हणून अर्धे गुण कापता. तिला फळ्यापाशी बोलवा आणि विचारा, तू कसं केलंस? ती म्हणेल, 187ला 13 मिळवले की 200, तिथून 500पर्यंत 300, आणि वरचे 3. ते फळ्यावर मांडा, तिच्याच शब्दांत. शेजारी तुमची रीत मांडा. आता वर्गाला विचारा : दोन्हींत उत्तर एकच का आलं? 1000 वजा 998 असेल तर कोणती रीत सोयीची, 864 वजा 321 असेल तर कोणती? या चर्चेत स्थानिक किमतीची समज जितकी पक्की होते तितकी पन्नास उदाहरणं सोडवून होत नाही. शिवाय तिची घरची रीत वर्गाच्या अभ्यासाचा भाग झाली. दुसऱ्या देशातून आलेल्या मुलांबाबत तर हे आणखी आवश्यक आहे. कित्येक देशांत भागाकाराची मांडणी वेगळी असते, काही ठिकाणी दशांश चिन्हासाठी स्वल्पविराम लिहितात. मांडणी वेगळी म्हणून गणित चुकलं असं धरू नका.

भाषेबद्दल दोनच गोष्टी सांगते. जिम कमिन्स यांच्या संशोधनातून दिसलं की दुसऱ्या भाषेत रोजचं बोलणं मुलं साधारण दोन वर्षांत उचलतात, पण अभ्यासाची भाषा वयाच्या बरोबरीने यायला बहुधा पाच ते सात वर्षं लागतात. मधल्या काळात मूल मैदानावर फाडफाड बोलतं आणि विज्ञानाच्या उत्तरात अडखळतं. शिक्षक म्हणतात, भाषा येते, मग अभ्यास करत नाही म्हणजे आळशी आहे. तसं नसतं. ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘याउलट’, ‘प्रमाणात वाढते’ असले शब्द मैदानावर कुणी वापरत नाही. ते पाठात थांबून शिकवावे लागतात. दुसरी गोष्ट : विचार करायला घरची भाषा वापरू द्या. एकाच घरभाषेची दोन-तीन मुलं एकत्र बसवा, आधी त्यांच्या भाषेत बोलू द्या, मग वर्गाच्या भाषेत मांडायला सांगा. तुम्हाला त्यांची भाषा येत नसली तरी बिघडत नाही. ती काय बोलली हे शेवटी तुम्हाला वर्गाच्या भाषेत कळणारच आहे. ‘वर्गात फक्त शाळेचीच भाषा’ हा नियम मला मान्य नाही, आणि तो लावणाऱ्या शाळांतही मी हे स्पष्टपणे बोलते.

पालकांना भेटाल तेव्हा मुलाच्या तक्रारी घेऊन जाऊ नका. ॲरिझोनातल्या टक्सनमध्ये लुईस मॉल, नॉर्मा गोन्झालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना मुलांच्या घरी शिकायला पाठवलं : या घराला काय काय येतं? शेती, बांधकाम, दुरुस्ती, औषधोपचार, व्यापार, असं बरंच ज्ञान घराघरांत सापडलं. एका शिक्षिकेला कळलं की तिचा विद्यार्थी मिठाई विकतो. तिने मिठाई हा वर्गाच्या अभ्यासाचा विषय केला आणि एका पालकबाईंनाच शिकवायला बोलावलं. घटक पदार्थ, खर्च, विक्री, आरोग्य असा अभ्यास त्यातून झाला. ही भेट त्या घराच्या सवडीने आणि संमतीनेच व्हायला हवी. घरी जाणं शक्य नसेल तर पालकसभेत एकच प्रश्न विचारा : ‘तुमच्या मुलाला घरी काय चांगलं जमतं?’ पालकांची बसण्याची पद्धत बदलते, इतकं या प्रश्नाने होतं. मात्र त्या मुलाला वर्गासमोर उभं करून ‘तुमच्यात हे कसं करतात सांग बरं’ असं कधी म्हणू नका. कुठलंही मूल आपल्या समाजाचं प्रवक्तेपण करायला शाळेत येत नाही.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. मुलांच्या परिस्थितीची जाणीव झाली की चांगल्या मनाचे शिक्षक अपेक्षा खाली आणतात. सोपं पुस्तक देतात, लहान उत्तर चालवून घेतात, चूक दाखवत नाहीत. ज्युडिथ क्लाइनफेल्ड यांनी 1970च्या दशकात अलास्कात आदिवासी मुलांच्या शिक्षकांचा अभ्यास केला. मुलं ज्यांच्याकडे खरोखर शिकत होती ते शिक्षक प्रेमळ होते आणि कामाबाबत अजिबात सूट देत नव्हते. नुसते प्रेमळ शिक्षक मुलांना आवडायचे, पण त्यांच्याकडे अभ्यास फारसा होत नसे. ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी 1995 साली संस्कृतीला धरून शिकवण्याची जी मांडणी केली, तिच्यात पहिली अट मुलांना अभ्यासात यश मिळणं ही आहे. दुसरी, मुलाची आपल्या संस्कृतीशी नाळ टिकणं. तिसरी, आजूबाजूच्या अन्यायाकडे डोळसपणे बघता येणं. त्यांनी पाहिलेल्या एका शिक्षिकेने मुलांच्या आवडीची रॅप गाणी वर्गात आणली, त्यांतून शब्दशः अर्थ आणि लाक्षणिक अर्थ, यमकाची रचना, अनुप्रास हे सगळं शिकवलं, आणि मग मुलांना छापील कवितांकडे नेलं. तुमच्या पोशाखांच्या दिवसात राहिलं ते एवढंच : तिथून पुढे धड्याकडे जाणारी वाट. सण साजरे करू नका असं मी म्हणत नाही. त्याने मूल आनंदाने शाळेत येतं, आणि तेही हवंच आहे. पण त्या दिवसाचा हिशोब शिकवण्याच्या खात्यात मांडू नका.

तिसऱ्या अटीकडे बहुतेक शाळा पाठ फिरवतात. नकाशात आपला भाग का दिसत नाही, पाठ्यपुस्तकातल्या चित्रांत अमुक काम करणारी माणसं नेहमी एकाच रंगाची का, असं मूल विचारतं. ‘पुढे बघू’ म्हणून टाळू नका. त्याच प्रश्नावरून मोजायला लावा : पुस्तकातली चित्रं मोजा, तक्ता करा, प्रकाशकाला पत्र लिहा. गणित, लेखन आणि नागरिकशास्त्र तिन्ही झाले.

राहिला अभ्यासक्रम मागे पडण्याचा प्रश्न. सगळं एकदम बदलायला गेलात तर पडेलच. या सत्रात एक विषय घ्या आणि त्यातला एकच घटक, शक्यतो जिथे मुलं हमखास अडतात तो. त्या घटकात दोनच बदल करा : प्रश्नानंतर थांबणं, आणि उत्तर कसं काढलं ते मुलाच्या शब्दांत ऐकणं. घटक सुरू होण्याआधी आणि संपल्यावर तीच छोटी चाचणी घ्या, आणि गुण बघताना सरासरीपाशी थांबू नका; गप्प बसणाऱ्या मुलांचे वेगळे काढा. फरक दिसला तर पुढच्या घटकाला तेच. दिसला नाही तर वहीतल्या नोंदी उघडा आणि त्या मुलांपैकी एकाशी मधल्या सुटीत निवांत बोला. मुख्याध्यापकांना दाखवायला तुमच्याकडे तेव्हा चाचणीचे आकडे असतील, आणि पुढच्या वर्षी वेळापत्रकात या कामासाठी जागा मागताना ते उपयोगी पडतील.